दगडावरची बटणं

माझ्या नवऱ्याला माशांचं वेड आहे. ताटातल्या नव्हे, काचेतल्या. ताटातल्यांचं वेड त्याच्या आईला. माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे मला या दोन्हींतलं काही कळत नाही हे सासरी पहिल्या दिवसापासून ठरून गेलेलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, बांगडा आणि पेडवा शेजारी ठेवले तर मी अजूनही अंदाजच करते. "घाटावरच्यांका माशातला काय कळता!" हे सासूबाईंचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

इथे परदेशात, मिल्टनला, आम्ही घर घेतलं तेव्हा मला आधी सोफा हवा होता. आला खाऱ्या पाण्याचा टँक. स्वयंपाकघराला लागून फॅमिली रूम, तिथे भिंतीशी ती भलीमोठी पेटी, आत दगड, दगडांवर प्रवाळ, आणि त्यांच्यासाठी खास निळे दिवे. प्रवाळ म्हणजे मला अंगठीतला पोवळ्याचा खडा माहीत. हे जिवंत प्रकरण होतं. एकेका जिवाला पॉलिप म्हणायचं: खाली देठ, वर तोंड, तोंडाभोवती केसांसारख्या मिशा. नवरा हे इतकं कौतुकाने सांगायचा की स्वतःच्या मुलीच्या पहिल्या दाताचंही त्याने एवढं केलं नव्हतं.

ती मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि तिला दमा होता. अजून आहे, पण तेव्हा जास्त होता. त्या हिवाळ्यात साध्या सर्दीचं निमित्त होऊन तिला एकदा इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना मी पाहिली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं तिच्या छातीच्या तालावर चालायचं. उदबत्ती बंद. फिनेल बंद. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी पंखा. मालवणहून आलेल्या सासूबाई सुकट भाजल्याशिवाय जगू शकत नाहीत अशी माझी समजूत होती, पण त्यांनी कुणी न सांगता स्वतःचा विजेवरचा तवा गराजमध्ये नेला. थंडीत नवऱ्याचं जाडजूड जॅकेट अंगावर, डोक्याला मफलर, आणि ही बाई सुकट भाजतेय. शेजारचे गाडी काढताना हात करायचे, या उलथनं हलवायच्या. मला सासूबाईंचा राग यायचा तेव्हा मी ते दृश्य आठवायची. राग बऱ्यापैकी उतरायचा.

राग यायला कारणंही होती. मी कामावर असताना त्यांनी माझं अख्खं स्वयंपाकघर हलवलं होतं. डाळी खाली, डबे वर, चहाची साखर कुठे ते त्यांना आणि देवाला ठाऊक. पण ते पुढे येईलच.

तर दगड. जवळच्याच एका वसाहतीतलं एक कुटुंब आपला टँक मोडत होतं, त्यांच्याकडून नवऱ्याने एक दगड आणला. आणला तेव्हा बोडकाच होता. काही आठवड्यांनी त्याच्या एका खबदाडीतून तपकिरी काहीतरी डोकावायला लागलं. सपाट, गोल, कोटाच्या बटणाएवढं. मग शेजारी अजून एक, मग झुबका. काचेवर टकटक केलं की ती मिटायची. लेकीने लगेच नाव ठेवलं, बटन्स. "आज्जी, लुक, बटन्स आर स्लीपिंग."

बटणं झोपून राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ती पसरत पसरत शेजारच्या दगडावर पोचली, आणि तिथे लेकीचं जांभळं प्रवाळ होतं. ते तिने स्वतः दुकानात निवडलं होतं, शाळेत जाण्याआधी ती रोज त्याला बाय म्हणायची. आता ते एका बाजूने आक्रसायला लागलं होतं. आणि नेमका त्याच वेळी नवरा ऑफिसच्या कामासाठी काही आठवडे ओटावाला. रोज फोन करायचा, आधी टँकची चौकशी, मग आमची. "आधी ती आहेत काय ते शोध," तो म्हणाला. "फोरमवर फोटो टाक. चांगली असली तर दुसरीकडे हलवू. वाईट असली तर काढू."

फोरम म्हणजे देशभरातल्या अशाच वेड्यांचा अड्डा. मी फोटो टाकला आणि विचारलं, हे काय आहे? तासाभरात उत्तरं आली, जितकी तोंडं तितकी नावं. एकाने सांगितलं, हे उपद्रवी, उद्या सगळा टँक खाईल. दुसरा म्हणाला, छे, झोअँथिड आहेत, लोक हौसेने पाळतात, नको असतील तर मला द्या. तिसऱ्याने एक केमिकल सुचवलं. चौथ्याने माझ्या फोटोलाच नावं ठेवली, की निळे दिवे बंद करून पुन्हा काढा. एकाचं दुसऱ्याशी पटेना आणि माझ्या प्रश्नावर त्यांची आपसातच जुंपली.

सासूबाई मागे उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. मी भाषांतर करून सांगत होते.

"कित्याक इतक्या लोकांका विचारतस?" त्या म्हणाल्या. "शिंपलेवालो जीव असो नायतर दगडावयलो, कढत पाण्यात घातलो काय सुटता. तिसरे कशे उघडतत? दगड भायर काढ, टोपात घाल, उकळ. मगे घासणीन घास आणि परत ठेव."

मला हे अगदी पटलं. तिसऱ्या, म्हणजे त्या छोट्या शिंपल्या, गरम पाण्यात टाकल्या की कशा आ वासतात ते मी त्यांच्या हाताखाली उभं राहून पाहिलं होतं. समुद्राच्या बाबतीत त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. शिवाय केमिकलचा वास लेकीला चालणार नव्हता, आणि गरम पाण्याला कसला आलाय वास? उलट सर्दी झाली की आपण वाफच देतो की. तिच्यासाठी यापेक्षा निर्धोक काही असूच शकत नाही, असं आम्हा दोघींचं त्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं.

शनिवार होता. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद, घर तापवणारी फर्नेस चालू. लेक स्वयंपाकघराच्या टेबलावर रंगवत बसलेली. सासूबाईंनी माझा सगळ्यात मोठा टोप काढला, पाणी भरलं, स्टोव्हवर चढवलं. मग बाही वर करून टँकमध्ये हात घातला आणि दगड उचलून बादलीत ठेवला. त्यांच्या बोटाला आदल्या दिवशी विळी लागली होती. मालवणहून बॅगेत घालून आणलेली विळी, माझ्या सुऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही.

पाणी तापेपर्यंत मी फोनवर फोरम उघडला. मला थोडक्यात लिहिता येत नाही, हा माझा जुना रोग. तिथली रीत अशी की टँक केवढा, दिवे कुठले, फोटो, संपलं. मी आपली सविस्तर. लिहिलं, की केमिकल नको कारण मुलीला दमा आहे. लिहिलं, की माझ्या सासूबाई समुद्राकाठच्या, त्या म्हणतात दगड तिसऱ्यांसारखा उकळायचा, पाणी स्टोव्हवर चढलेलं आहे. तेवढ्यावर थांबावं ना? पण सासूचा विषय निघाला आणि ऐकणारं कुणी असलं की आपल्याकडची कुठली सून थांबते? मग लिहिलं, की त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांनी माझं स्वयंपाकघर असं असं हलवलंय, दोन दिवस मी बिनसाखरेचा चहा प्यायले. मन मोकळं झालं. फोन ओट्यावर ठेवला.

पाण्याला तळाशी बुडबुडे यायला लागले होते. सासूबाईंनी सांडशीत दगड धरला, पाणी निथळायला बादलीवर क्षणभर थांबल्या. फोन वाजला. मी सहज पाहिलं.

"आधी स्टोव्ह बंद करा. मग पुढचं वाचा."

कोण हा शहाणा, असं मनात आलंच. पण मी स्टोव्ह बंद केला. का केला ते मला आजही सांगता येत नाही. सांगितलेलं लगेच ऐकण्याची माझी ख्याती नाही. मग वाचलं. त्याने लिहिलं होतं, की हे पॅलिथोआ असावेत, फोटोवरून खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, पण त्या कुळातल्या काहींच्या अंगात जबर विष असतं. उकळल्याने ते नाहीसं होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. अशी चूक करून धडधाकट माणसं हॉस्पिटलात पोचली आहेत. आणि शेवटी एवढंच वाक्य होतं, की तुमच्या मुलीला दमा आहे.

मी वर पाहिलं. दगड टोपाच्या वर होता.

"थांबा!" मी ओरडले. सासूबाईंशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. धुसफुस खूप केली, पण ओरडले नव्हते.

"माका शिकवतस?" त्यांचा चेहरा लाल.

"आई, विष आहे त्यात. वाफेत येतं. पोरीला..." मी टेबलाकडे बोट दाखवलं.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. लेक जीभ बाहेर काढून एका घोड्याला हिरवा रंग देत होती. सासूबाईंनी दगड बादलीत असा ठेवला की पाणीसुद्धा उडालं नाही. मग म्हणाल्या, "हिका वर घेवन जा. आधी हिका वर ने."

लेकीला वर बसवून मी खाली आले तर त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या, साबण लावत होत्या, धूत होत्या, पुन्हा लावत होत्या. तोवर त्या माणसाचा पुढचा मेसेज आला होता, दगडाला कुणी हात लावला? हाताला जखम आहे का? मी लिहिलं, सासूबाईंनी, आणि हो, आहे. तो म्हणाला, साबणाने धुतलं ते योग्य केलं. बधिर वाटलं, मुंग्या आल्या, तोंडात धातूची चव आली, श्वास जड झाला, तर लगेच इमर्जन्सीत जा, आणि हा शब्द, त्या विषाचं नाव, डॉक्टरना दाखवा. शब्द त्याने वेगळ्या ओळीवर, मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. दगड त्याने पुन्हा टँकमध्ये ठेवायला सांगितलं, हातमोजे आणि चष्मा घालून. पाण्याखाली, कुणी न डिवचता, तो कुणाचं काही बिघडवत नाही.

तो सबंध दिवस आम्ही त्या बोटाकडे बघत काढला. तो अनोळखी माणूस मधून मधून विचारत होता, हात कसा आहे? मुलगी कशी आहे? मी सासूबाईंना विचारत होते. त्या म्हणत होत्या, "माझ्या हाताक काय नाय होवचा. तिचो श्वास बघ." मी वर जाऊन लेकीच्या पाठीला कान लावून येत होते. दुपारी लेक कंटाळून खाली आली आणि सवयीप्रमाणे आजीच्या मांडीत घुसली. सासूबाईंनी तो हात झटकन वर उचलला. पोरगी त्यांच्या छातीशी रेलून बडबडत राहिली आणि त्या एक हात तिच्या पाठीवर, दुसरा हवेत धरून बसून राहिल्या. खांदा भरून आला असेल, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. मी त्यांच्यावर आयुष्यात जितकी चिडले असेन ते सगळं त्या दुपारी फिटलं.

काही झालं नाही. बोटाला काही झालं नाही, छातीला काही झालं नाही. संध्याकाळी वरणभात जेवलो.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "मी पाणी ठेवलंय म्हणान तेका कसा कळला?"

आता आली का पंचाईत. मी म्हटलं, मी लिहिलं होतं.

"आणि काय काय लिवलंस?"

वाचून दाखवावं लागलं. मालवणीत नाही, पण मराठीत, जमेल तितकं मऊ करून. स्वयंपाकघर आलं, साखर आली, वाद घालण्यात अर्थ नाही हेही आलं. मी मान खाली घालून बसले.

"डबे मी नीटच लावलंय," त्या म्हणाल्या. मग भात कालवायला घेतला. "बरां केलंस लिवलंस ता. तू गप रवणारी असतंस तर आज काय झाला असता?" आणि मला वाढायला घेतलं, नको नको म्हणत असताना.

खरंच आहे ते. फोटो सगळ्यांनी पाहिला होता. लिहिलेलं त्या एकाने वाचलं. नंतर मी त्याला हे म्हटलं तेव्हा त्याने कळवलं, की तो फ्रेंच मुलखात, लव्हालला राहतो, रिटायर झालाय, एकटाच असतो, आणि लांबलचक पोस्ट तो मुद्दाम वाचतो, कारण त्यात घरातली माणसं असतात. स्टोव्हचा तो पहिला मेसेज सोडला तर प्रत्येकाची सुरुवात फ्रेंच नमस्काराने, बोंजूर. नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोरमवर त्याच्या नावाच्या जागी एक नारिंगी मासा आहे, तेवढीच त्याची ओळख.

तुमचे उपकार कसे फेडू, असं मी लिहिलं. इंग्रजीत ते फार पोकळ दिसत होतं. त्याने उत्तर दिलं, फेडायचंच असेल तर त्या तिसऱ्या तुमच्या सासूबाई कशा करतात ते कळवा.

झालं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या सांगणार, मी लिहिणार. खोबरं किती? "पुरात इतक्या." तिखट? "रंग येयसर." मी लिहून लिहून दमले, आणि हे माझ्याबद्दल क्वचितच म्हणता येईल. पुढच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला, तिसऱ्या मिळाल्या नाहीत म्हणून मसल्सचं केलेलं सुकं, वर कोथिंबीर, बाजूला पाव. सासूबाईंनी चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"खोबरां कमी पडला," त्या म्हणाल्या. "पण शिकात."

बटणं आमच्याकडेच राहिली. त्यांचा दगड नवऱ्याने परत आल्यावर एका कोपऱ्यात वाळूवर एकटा ठेवला, बाकीच्यांपासून लांब. टँकपाशी हातमोजे आणि चष्मा टांगलेले. त्यांचं अचूक नाव कुणालाच सांगता आलं नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही. जांभळं प्रवाळ हळूहळू सावरलं. लेकीला आम्ही सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने नीट विचार केला आणि म्हणाली, "सो दे आर नॉट बॅड. दे जस्ट डोन्ट लाइक टू बी कुक्ड." मला हे कुठल्याही तज्ज्ञाच्या उत्तराइतकं बरोबर वाटलं.

उन्हाळा लागायच्या आधी सासूबाई परत निघाल्या. निघायच्या दिवशी सकाळी मी हिवाळ्यानंतर पहिल्यांदा सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. बॅगा दारात. सासूबाईंनी ग्रोसरीतला एक शेंडीवाला नारळ घेतला आणि देवघरापुढे न जाता टँकपुढे ठेवला. त्यांच्या गावी कुणी प्रवासाला निघालं, कुणी दुखण्यातून उठलं, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाला मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे "व्हय महाराजा" म्हणून साथ देतात. हे काम घरातल्या पुरुषाचं. नवरा पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने मागे सारलं.

"तू थंय नव्हतस," त्या म्हणाल्या. "मी होतंय. मी घालतंय."

त्या उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. पुढ्यात ते मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, कोपऱ्यात फुललेली तपकिरी बटणं.

"बा देवा महाराजा! ह्या परक्या मुलखात माझ्या पोरांका संबाळलंस, तसाच पुढे संबाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही म्हणालो.

"माझ्या सुनेची जीब अशीच चालती ठेव रे महाराजा!"

नवऱ्याने हे "व्हय महाराजा" जरा जास्तच जोरात म्हटलं. मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"आणि तो लव्हालचो माणूस. नाव आमका ठावक नाय, तुका ठावक असा. आमच्या चेडवाचो श्वास तेणी राखलो. तेका उदंड आयुष्य दी, आणि तेका कधी एकटो जेवक लावू नको रे महाराजा!"

मी डोळे पुसत राहिले आणि माझं 'व्हय महाराजा' राहूनच गेलं. नवऱ्याचंही. तेव्हा लेकीने एरवी जे तिला जमत नाही ते केलं. पोट भरून श्वास आत घेतला, तो कुठे अडला नाही, आणि डोळे मिटून, सगळ्या छातीनिशी, उघड्या खिडक्यांतून रस्त्यापर्यंत जाईल असं ती एकटी ओरडली, "व्हय महाराजा!"